टोमारची खिडकी आणि बसमधलं बहुमत

मला ग्रुप टूर आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘ही तोंड वाकडं करायचं ठरवूनच बसमध्ये चढली होती’ असं मागून कुणी म्हणायला नको. हो, ठरवूनच चढले होते. चोवीस माणसांनी एका छत्रीच्या मागे मागे चालायचं, एकाला बाथरूमला जायचं तर उरलेल्या तेवीस जणांनी फुटपाथवर ताटकळायचं, आणि आठशे वर्षांच्या भिंतीसमोर पोचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, "इथे चहा कुठे मिळतो?" याला प्रवास म्हणतात म्हणे. तरीही दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरात मी अमेरिकेतल्या, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून पोर्तुगालची नऊ दिवसांची टूर केली, ती आमच्याच मराठी मंडळींबरोबर केली, आणि माझ्या बाबांसाठी केली.

बाबा रेवदंड्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. तेहेतीस वर्षं. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. आता म्हणजे नुसता तट आणि आत नारळ-सुपारीच्या बागा, पण रस्ता अजून त्या वेशीतून जातो आणि वेशीवर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह दगडात कोरलेलं आहे. बाबा रोज सायकलवरून त्याच्याखालून शाळेत जायचे. शाळेत नकाशांचं एक लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराला आतून त्यांनी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातलं एक काळं-पांढरं चित्र चिकटवलं होतं. पोर्तुगालात टोमार नावाचं गाव आहे, तिथल्या मठाच्या खिडकीचं. खिडकी म्हणजे आपली गज लावलेली खिडकी नव्हे. तिच्याभोवती जहाजाचे दोरखंड, गाठी, साखळ्या, पोवळी, समुद्रातलं शेवाळ, सगळं दगडात कोरलेलं. दरवर्षी नववीच्या वर्गाला ते कपाटाचं दार उघडून दाखवायचे. एका वर्षी एका मुलीनं उठून विचारलं, "सर, तो दोर मागच्या बाजूनं पण कोरलाय, का नुसता समोरूनच?" बाबा "बघून सांगतो," म्हणाले. त्या मुलीची मुलं आता कॉलेजात असतील, ती हे कधीच विसरून गेली असेल, पण बाबांच्या डोक्यात तो दोर तसाच अडकून बसला होता.

त्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या एका काकांची ईमेल आली. पोर्तुगालमधली ऐतिहासिक शहरं, नऊ दिवस, बस आणि गाइडसकट. मी नेहमीप्रमाणे नाक मुरडून डिलीट करणार होते, तेवढ्यात ‘पाचवा दिवस : बटाल्या, टोमार, पोर्टो’ असं दिसलं. शनिवारी फोनकार्ड काढून बाबांना ते वाचून दाखवलं. ते जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यायचेच होते. पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं कार्डावरची मिनिटं संपली. मग बाबा म्हणाले, "पाचवा दिवस म्हणालीस ना?"

इथे माझ्या बाबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या बाबांना मागता येत नाही. त्यातून मुलीच्या घरी तर नाहीच नाही. आमच्या नोव्हायच्या घरात त्यांना दुसऱ्यांदा चहा हवा असला, तर ते "तुमचा होणार असेल तर" म्हणायचे. होणार नसेल तर त्यांना चालायचं. हीटर कमी केला तरी चालायचं, वाढवला तरी चालायचं. ‘चालेल’ हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. असा माणूस फोनवर ‘पाचवा दिवस म्हणालीस ना?’ असं स्वतःहून विचारतो, म्हणजे त्याला ते किती हवं असेल, हे मला कळलं. मी म्हटलं, "बाबा, टोमार दाखवते तुम्हाला. शब्द देते." त्यांनी मुंबईला दोन खेपा घालून पोर्तुगालचा व्हिसा काढला आणि मगच अमेरिकेच्या विमानात बसले. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीतल्या गाड्यांच्या इंजिनांनी रजा दिली नाही, मुलीची शाळा होती, म्हणून ती दोघं घरी राहिली. बाबा आणि मी, एवढेच गेलो.

आता मंडळींविषयी. टूर काढणारे काका पन्नाशी उलटलेले, पंचवीस वर्षं डेट्रॉइटकडच्या गाड्यांच्या कंपनीत काढलेले, आणि गळ्यात शिट्टी घालणारे. खरोखरची शिट्टी. फुटबॉलच्या रेफरीची. माझ्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी मोठे असतील, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्याकडे प्रत्येक दिवसाचा लॅमिनेट केलेला कागद होता. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, टूरमध्ये दोनच गोष्टींत रस होता. जेवण कधी, आणि दुकानं किती वाजता बंद होतात.

आणि या लोकांची एक खास पद्धत होती. काहीही ठरवायचं झालं की हात वर करून मतदान. झालं होतं असं, की तीन वर्षांपूर्वी गणपतीत नाटक ठेवायचं की गाण्यांचा कार्यक्रम यावरून आमच्या मंडळाचे दोन तुकडे झाले होते. माणसं एकमेकांच्या बारशाला जाईनात. तेव्हापासून उरलेल्या मंडळींनी भांडणाचा इतका धसका घेतला होता, की बटाटेवडे करायचे की सामोसे याचंही मतदान व्हायचं. कुणी काही बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, हात वर करायचा, मोजायचे, टाळ्या वाजवायच्या. काकांच्या बेसमेंटमध्ये टूरची मीटिंग झाली, तेव्हा त्यांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं, "आपल्या बसमध्ये लोकशाही. नो आर्ग्युमेंट्स. बहुमत ते फायनल." सगळे खूश. मी बाबांकडे बघितलं. ते कागदी प्लेटमधला ढोकळा मन लावून खात होते. त्यांना वाद न घालण्याची कल्पना आवडलेली दिसली.

डेट्रॉइटच्या विमानतळावरच आमच्या लोकशाहीची पहिली शोभा झाली. ऑगस्टपासून विमानात पातळ पदार्थ हातात न्यायला बंदी आली होती. टीव्हीवर रोज सांगत होते, पेपरात येत होतं, काकांच्या लॅमिनेटेड कागदावरही होतं. तरीही आमच्यातल्या नऊ बायकांच्या पर्समधून लोणच्याच्या बरण्या निघाल्या. एक जण सिक्युरिटीवाल्याला समजावत होती, "दिस इज नॉट लिक्विड, दिस इज पिकल." त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आई-वडिलांना भारतात सोडून येताना आलं नसेल इतकं.

लिस्बनला आम्हाला गाइड भेटली. पोर्तुगीज बाई, पंचेचाळिशीची, काळी छत्री मिटून उंच धरणारी आणि सगळ्यांना ‘माय फ्रेंड्स’ म्हणणारी. पहिले दोन दिवस तिनं आम्हाला राजे सांगितले, भूकंप सांगितला, निळ्या टाइल्स सांगितल्या. आमची मंडळी टाइल्स बघून म्हणाली, "किचनमध्ये छान दिसतील, नाही?" नदीकाठच्या एका मोठ्या मठासमोर काकांनी सगळ्यांना उभं करून फोटो काढला आणि मठ बघायला जायच्या आधी मतदान घेतलं की आत जायचं की शेजारच्या बेकरीच्या रांगेत उभं राहायचं. बेकरी सतरा विरुद्ध सात मतांनी जिंकली. मी विरुद्ध मत दिलं. बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, आणि जिकडे जास्त हात होते तिकडे स्वतःचा मिळवून टाकला. मी रागावले, तर म्हणाले, "अगं, चालतंय. मठ काय, बाहेरूनही दिसतोय."

बेकरीच्या रांगेत बाबा गाइडशेजारी जाऊन उभे राहिले. त्यांचं इंग्रजी म्हणजे पाठ्यपुस्तकातलं, प्रत्येक वाक्य पूर्ण. त्यांनी तिला सांगितलं की आमच्या गावाजवळ चौल आहे, तिथे तुमचे लोक सव्वादोनशे वर्षं होते. बाईनं मान तिरपी केली. "गोवा, येस," ती म्हणाली. "चौल? सॉरी." बाबांनी वसई म्हणून पाहिलं, कोर्लई म्हणून पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाबा परत माझ्याशेजारी आले आणि हळूच म्हणाले, "तिला चौल माहीत नाही गं." आपण यांचे व्हाइसरॉय पाठ करून परीक्षा दिल्या, आणि यांच्या खिजगणतीतही नाही! मला त्या बाईचा भयंकर राग आला. पण तिचं तरी बरं म्हणायचं. संध्याकाळी तिनं स्वतःहून बाबांकडून चौलचं स्पेलिंग लिहून घेतलं. आमच्या बसमधल्या एकानंही त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही काय शिकवायचात.

सिंत्राला धुकं होतं, म्हणून राजवाडा रद्द. मतदान. ओबिदुशला तटावरून चालायचं होतं, पण ‘कठडा नाही, रिस्क आहे’ म्हणून रद्द. मतदान. त्याऐवजी सगळ्यांनी चॉकलेटच्या छोट्या कपातून चेरीची दारू प्यायली आणि वर ते कपही खाऊन टाकले. तट अख्ख्या गावाभोवती फिरतो, हे मी गाइडच्या पुस्तकात वाचलं. माझ्यासारखी बाई, जिनं रोज तटावर चढून बालपण काढलं, ती ओबिदुशला तटाच्या पायथ्याशी उभी राहून फ्रिजवर लावायची चुंबकं बघत होती. तिथे मला पहिल्यांदा स्वतःचीही थोडी कीव आली.

जेवणाचं तर विचारूच नका. आम्ही बाप-लेक शाकाहारी. या लोकांना शाकाहारी म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं. मासा नको म्हटलं तर अंडं आणायचे, अंडं नको म्हटलं तर नुसते उकडलेले बटाटे आणि वर हिरव्या ऑलिव्हचं तेल. चार दिवस आम्ही ब्रेड, बटाटे आणि केळी खाल्ली. मंडळींकडे रेडी-टू-ईटची पाकिटं होती, ती हॉटेलच्या बाथरूममधल्या गरम पाण्याच्या नळाखाली धरून कोमट करायचे आणि आम्हाला मोठ्या मनानं दोन चमचे द्यायचे. चौथ्या दिवशी माझं पोट रिकामं, डोकं दुखतंय, आणि तोंडाला कसलीच चव नाही, अशी अवस्था झाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ब्रेड उत्तम असतो इथला."

पाचव्या दिवशी सकाळी बाबा नाश्त्याला आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शाळेच्या तपासणीला घालायचे तसा. खिशात पेन्सिल, हातात छोटी वही. वहीत त्यांनी ती खिडकी आठवणीतून काढली होती आणि दोर जिथे वळसा घेतो तिथे प्रश्नचिन्ह केलं होतं. ते चित्र त्यांनी बसमध्ये चढताना गाइडला दाखवलं. बाई मनापासून हसली. म्हणाली, "तिथे पोचल्यावर मी स्वतः तुम्हाला जवळ घेऊन जाईन. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा." बाबा माझ्या मागच्या, खिडकीजवळच्या सीटवर बसले. बटाल्या येईपर्यंत त्यांनी हातातली वही चारदा उघडली.

बटाल्याचा मठ सुंदर आहे, हे मीही मान्य करते. त्याच्या मागच्या बाजूला छप्पर न घातलेल्या कबरींच्या खोल्या आहेत, राजे बदलले आणि काम राहून गेलं. आमच्या काकू म्हणाल्या, "एवढा खर्च केला आणि अर्धवटच ठेवलं." तिथून आम्हाला दीड वाजता निघायचं होतं. पण मठासमोर रंगीत मातीच्या कोंबड्यांचं दुकान होतं. तो कोंबडा म्हणजे पोर्तुगालचं लाडकं चिन्ह, काळा, लाल तुऱ्याचा. काकू आणि आणखी सहा जणी आत शिरल्या. मग बुचाच्या पर्सचं दुकान सापडलं. बुचाची पर्स! बाटलीच्या बुचाची! काकांनी शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, चौकातली कबुतरं उडाली, काकू काही बाहेर येईनात. बाबा बसमध्ये एकटे बसून होते. मी दोनदा दुकानात जाऊन सांगितलं की उशीर होतोय. "आलोच गं, दोन मिनिटं," काकू म्हणाल्या, आणि कोंबड्याची शेपटी दुसऱ्या कोंबड्याच्या शेपटीशी ताडून बघत राहिल्या. बस हलली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

गावाबाहेर पडल्यावर काकांनी माइक घेतला. "मंडळी, सिच्युएशन अशी आहे. टोमार इथून तासाभराचा डीटूर आहे. तिथे दोन तास, मग पोर्टो. म्हणजे पोचायला रात्र होणार आणि हॉटेलमध्ये कोल्ड सँडविचेस. ऑप्शन टू, टोमार स्किप, डायरेक्ट पोर्टो. तिथे मी एक इंडियन रेस्टॉरंट शोधून ठेवलंय. मालक गुजराती, मोझांबिकहून आलेले. मी फोन केलाय. वरण, भात, बटाट्याची भाजी, गरम फुलके. सो, पोर्टो डायरेक्ट, हात वर!"

‘वरण’ हा शब्द बसमध्ये पडल्याबरोबर जो आवाज झाला, तो पोर्तुगीजांना भारत सापडल्यावरही झाला नसेल. हात वर गेले. माझाही गेला.

हो, माझाही. पहिल्या चार-पाच हातांत होता. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की बाबांनी चार दिवस नीट खाल्लेलं नाही, सत्तरीचा माणूस आहे, त्यांच्या पोटात काहीतरी गरम जायला हवं. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात तयार होऊन आलं, अगदी व्यवस्थित. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. काका मोठ्यानं मोजत होते. "एकवीस, बावीस, तेवीस..." आणि मग मागून कुठूनसा शेवटचा एक हात वर गेला असावा, कारण ते म्हणाले, "चोवीस! युनॅनिमस! टाळ्या!"

गाइड पुढच्या सीटवरून उभी राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यू डोंट वॉन्ट टोमार?" तिनं बाबांना विचारलं. बाबांनी हसून दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, द मेजॉरिटी हॅज डिसायडेड." ती खाली बसली आणि ड्रायव्हरला पोर्तुगीजमधून काहीतरी सांगितलं. टोमारचा फाटा आला तेव्हा बोर्डावर नाव होतं, ते मला दिसलं. बाबांनी ते बघितलं की नाही, हे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पोर्टोचं ते रेस्टॉरंट चांगलं होतं, काय लपवायचं. वरण आपल्यासारखं नव्हतं, थोडं गोड होतं, पण गरम होतं, वर तूप होतं. मी तीनदा भात घेतला. बाबांनी एक फुलका घेतला, चार घास भात खाल्ला, आणि मालकाला ते कुठल्या गावचे, आई-वडील कधी आले, असं आपुलकीनं विचारत बसले. वही खिशातच होती. मंडळी आनंदानं वेडी झाली होती. काकूंनी टेबलावर कोंबडा काढून ठेवला होता आणि सगळे जण त्याचे फोटो काढत होते.

उरलेले दिवस आम्ही पोर्टो आणि गिमारांइशमध्ये काढले. बाबांनी एकदाही टोमारचं नाव काढलं नाही. मी मात्र मनातल्या मनात एकेकाला फाडून खात होते. या काकांना, काकूंना, शिट्टीला, कोंबड्याला, लोकशाहीला. असल्या माणसांबरोबर आल्याबद्दल स्वतःलाही चार शिव्या दिल्या. हात वर केल्याबद्दल एकही नाही. तो बाबांसाठी होता ना!

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी काकांच्या बेसमेंटमध्ये फोटो बघायचा कार्यक्रम झाला. सहाशे फोटो, प्रोजेक्टर आणि पावभाजी. भिंतीवर पोर्तुगालचा नकाशा, त्यावर आमच्या बसची लाल रेघ. मी बघते तर काय, ती रेघ टोमारमधून गेली होती. नकाशा टूरच्या आधीच करून ठेवला असणार, एवढं मलाही कळत होतं. पण मग पडद्यावर बटाल्याचा छप्पर नसलेला मठ आला, आणि खाली अक्षरं होती, ‘डे फाइव्ह, टोमार’. "वा, काय कोरीव काम!" काकू म्हणाल्या. "टोमार मला सगळ्यात आवडलं बाई." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एक गृहस्थ म्हणाले की तिथल्या पायऱ्या फार होत्या, त्यांचा गुडघा दुखला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आपण टोमारला गेलोच नाही," मी म्हटलं. "हा बटाल्या आहे. टोमार तुम्ही वरणासाठी सोडलंत."

 काका चष्मा वर करून कागद बघायला लागले. "अरे, कॅप्शन चुकलं वाटतं. सॉरी सॉरी."

"कॅप्शन नाही चुकलं," मी म्हटलं. आवाज चढला होता, मला कळत होतं, पण थांबवेना. "माझे बाबा एका खिडकीसाठी आले होते. एका. तुम्हाला कोंबड्याची शेपटी सरळ आहे की वाकडी हे बघायला दोन तास मिळाले, आणि त्यांना ती खिडकी बघायला मिळाली नाही. आणि आता तुम्ही न बघितलेलं गाव आवडलंही तुम्हाला!"

काकूंचा चेहरा पडला. काका सावकाश म्हणाले, "तुमची फीलिंग मी समजू शकतो. पण वोट युनॅनिमस होतं. तुमच्या बाबांनी स्वतः हात वर केला होता. मी मोजला होता." यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला आणखी संताप आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबा पावभाजीची प्लेट मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "छे छे, एवढं काय त्यात. फोटो छान आलेत सगळे. पुढचा दाखवा." काकांनी पुढचा दाखवला. मी बाबांचा कोट घेतला आणि वर आले.

गाडीत बसल्यावरही माझी धुसफुस चालूच होती. ही माणसं अशी, ती माणसं तशी, यांना इतिहास म्हणजे चुंबक, यांना जग म्हणजे जेवणाच्या वेळा. बाबा ऐकत होते. शेवटी मी त्यांच्यावरच घसरले. "आणि तुम्ही! तुम्ही कशाला हात वर केलात? तेहेतीस वर्षं जी गोष्ट बघायची होती, तिच्याविरुद्ध मत देता? एकदा तरी ‘नाही’ म्हणायचं! एक माणूस जरी नाही म्हणाला असता ना, तरी मी उभी राहिले असते तुमच्या बाजूनं!"

बाबा मग अगदी साधेपणानं, चहा हवा की नको हे सांगावं तसं म्हणाले, "अगं, मी हात खालीच ठेवला होता. बराच वेळ. मग तुझा वर गेलेला दिसला. म्हटलं, पोर चार दिवस उपाशी आहे, बोलत नाही. तिच्या वरण-भाताच्या आड मी कशाला येऊ?"

मी त्यांना सांगू शकले असते की हात मी त्यांच्यासाठीच वर केला होता. वाक्य तोंडात तयार होतं. पण मला भूक लागली होती, वरण मला हवं होतं, आणि हे त्या माणसाला बसमधल्या मागच्या सीटवरून माझ्या पाठीकडे बघून कळलं होतं.  गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर बाबांनी स्वतःच दार उघडलं आणि म्हणाले, "चल, मी चहा टाकतो. तू घेशील ना?"